निरंक

आमच्या घरातला दिवस सकाळी साडेआठाला सुरू व्हायचा. त्याआधी चूल पेटलेली असे, पाणी भरून झालेलं असे, आईची पूजा आटोपलेली असे. पण ती सगळी अण्णांच्या साडेआठाची तयारी वाटायची. आठ वाजून वीस मिनिटं झाली की ते सदरा चढवत, खिशाला पेन लावत, चपला सरकवत आणि मामलेदार कचेरीच्या आवाराकडे चालू लागत. कचेरी उघडायला अजून दोन तास असत. रविवार असो, दिवाळीचा पाडवा असो, घरासमोर लग्नाचा मांडव पडलेला असो, त्यांच्या या फेरीत खंड नव्हता. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी ते कारकून होते आणि कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद त्यांच्याकडे होती.

गावात त्याला कुणी पर्जन्यमापक म्हणत नसे. ‘पावसाचं यंत्र’ म्हणत. यंत्र म्हणावं असं त्यात काही दिसत नव्हतं. चाक नाही, काटा नाही, टिकटिक नाही. जस्ताच्या पत्र्याचं एक नळकांडं चौथऱ्यात अर्धं रोवलेलं, तोंड जमिनीपासून फूटभर उंच. तोंडाला पितळेची धारदार कड, आत नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर पाच इंच. आमच्या घरातल्या आमटीच्या वाटीपेक्षा थोडासाच मोठा. भोवती तारेचं कुंपण. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र असावं असा नियम, म्हणून आवारातल्या चिंचेपासून ते पुष्कळ लांब बसवलेलं होतं. पावसाला आडोसा व्हायला नको आणि फांदीवरून ठिबकलेलं पाणी पाऊस म्हणून आत यायला नको.

अण्णा नरसाळं उचलत, बाटली काढत, तिच्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतत आणि मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरत. काचेच्या कडेला पाणी किंचित वर चढतं. आकडा वाचायचा तो मधल्या खोलगट भागाचा. पाऊस मोठा असला तर पात्र दोन-तीनदा भरावं लागे. मग प्रत्येक वेळचा आकडा वेगळा लिहून खाली बेरीज मांडलेली असे. काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो, हे मला लहानपणी फार विचित्र वाटे. भिजले मी काल संध्याकाळी आणि वहीत पाऊस आज! त्यावर अण्णा म्हणायचे, “आपल्यासारखी हजारो माणसं या घटकेला देशभर बाटली उचलत असतील. सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडता येतो.” श्रीनगरपासून तिरुअनंतपुरमपर्यंत एकाच वेळी वाकलेली ती माणसं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, ती अजून तशीच आहेत.

मिलिमीटर मला त्यांनी अंगणात शिकवला. रांगोळीनं मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखला. म्हणाले, “एवढ्या जागेवर एक लिटर पाणी सगळीकडे सारखं पसरलं की झाला एक मिलिमीटर पाऊस.” लिटर म्हणजे किती, ते तांब्यानं दाखवलं. मग हिशेब एकराचा. एक मिलिमीटर म्हणजे एकराला चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एक इंच, म्हणजे लाखभर लिटर. फूटपट्टीवरच्या त्या बारीक रेघेत चार हजार लिटर पाणी मावतं, हे कळल्यापासून मी कधी कुठला पाऊस ‘नुसता शिंतडला’ असं म्हणू शकले नाही. पाव मिलिमीटरसुद्धा एकराला हजार लिटर असतो.

१९७२ साली मी नऊ वर्षांची होते. आदल्या वर्षीही पावसानं ओढ दिलीच होती. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. ढग यायचे, वरून नुसते सरकत जायचे. पुढे रेशनवर लाल मिलो आली, शाळेत सुकडी मिळू लागली आणि गावातल्या आयाबाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. विहिरीवर रात्री दोन-दोन वाजता घागरींची रांग लागे. अण्णांचं साडेआठ मात्र चुकलं नाही. आकाश तांब्याच्या परातीसारखं तापलेलं, वाटेतली धूळ घोट्यापर्यंत, आणि अण्णा नरसाळं उचलून बाटली काढणार, ती उजेडात धरून बघणार, परत ठेवणार आणि वहीत लिहिणार: आकड्याच्या रकान्यात ०.०, शेऱ्याच्या रकान्यात ‘निरंक’.

एकदा मी विचारलं, “अण्णा, पाऊस पडलाच नाही, तर बघायला कशाला जाता? घरूनच लिहा की शून्य.”

“अगं, नाही हेसुद्धा बघूनच लिहायचं असतं,” ते म्हणाले.

मला ते पटलं नाही. मला फक्त त्यांचा परत येतानाचा चेहरा दिसायचा. वाटेत माणसं थांबवून विचारत, “काय पडलं का काय, अण्णा?” आणि ते मान हलवत. पाऊस न पडण्याचा दोष जणू त्यांचाच. एका रात्री मी माझ्या वाटणीच्या पाण्यातलं फुलपात्रभर पाणी राखून ठेवलं, उजाडायच्या आत कचेरीच्या आवारात गेले, तारेखालून आत शिरले आणि ते पाणी नरसाळ्यात ओतून आले.

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी बाटली काढली आणि थबकले. पाणी मोजपात्रात ओतलं, डोळ्यांच्या रेषेत धरलं. पंधरा मिलिमीटरच्या वर भरलं. मग त्यांनी खाली पाहिलं. चौथऱ्याभोवतीची धूळ कोरडी ठणठणीत होती आणि तिच्यात माझ्या अनवाणी पायांचे ठसे होते. ते रागावले नाहीत. ते पाणी त्यांनी कचेरीच्या पायरीजवळच्या तुळशीला घातलं, मला शेजारी बसवलं आणि वही उघडून दाखवली.

“हा आकडा इथं राहत नाही,” ते म्हणाले. “रोज जिल्ह्याला जातो. महिन्याचा तक्ता पुण्याला जातो. तिथल्या नकाशावर आपलं गाव म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्याशेजारी पंधरा मिलिमीटर दिसले तर बघणारा म्हणेल, इथं पाऊस झाला, चारापाणी दुसरीकडे पाठवा. तू मायेनं ओतलंस, पण त्या फुलपात्रानं गावाच्या तोंडचं पाणी जाईल.” आणि माझ्यादेखत त्यांनी लिहिलं: ०.०, निरंक.

नऊ वर्षांच्या वयात मला एवढंच कळलं की आपल्याकडे पाऊस नाही हे कुणाला तरी खरंखरं कळणं, हीसुद्धा एक मदतच असते. दुष्काळ आभाळातून येतो, पण तो दिसतो वहीत. आणि वहीत दिसला नाही तर तो सोसणाऱ्याला एकट्यानंच सोसावा लागतो.

पुढे शिकायला पुण्यात आले, भूगोल घेतला, भूगोलच शिकवला. शिवाजीनगरच्या एका चौकाला लोक शिमला ऑफिस चौक म्हणतात. पुण्यात शिमला कुठून आलं, असं नव्या माणसाला वाटतं. मनोऱ्यावर घड्याळ असलेली ती दगडी इमारत हवामान खात्याची. हे खातं १८७५ साली स्थापन झालं. त्याआधी १८६४च्या चक्रीवादळानं कलकत्ता उद्ध्वस्त केलं होतं, १८६६ आणि १८७१ साली मोसमी पावसानं दगा दिला होता. हेन्री ब्लॅनफर्ड हे पहिले प्रमुख. खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग शिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्यात आलं आणि येताना शिमल्याचं नाव बरोबर घेऊन आलं. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं. नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं.

विद्यार्थिनी असताना आमची सहल त्या खात्यात गेली होती. एका लांबलचक टेबलावर भारताचा नकाशा पसरलेला, कोरा, फक्त ठिकठिकाणी बारीक वर्तुळं. गावोगावच्या वेधशाळांकडून पाच-पाच आकड्यांच्या गटांत संदेश येत आणि एकजण ते वाचून वर्तुळांभोवती भरत होता. वर्तुळ किती काळं केलं त्यावरून आकाशाचा किती भाग ढगांनी भरला ते कळायचं. आठ हिश्श्यांचं आकाश. वर्तुळाला फुटलेली काडी वारा कुठून येतो ते सांगायची आणि काडीवरची पिसं त्याचा वेग: अर्धं पीस पाच नॉट, पूर्ण पीस दहा, त्रिकोणी झेंडा पन्नास. सगळी वर्तुळं भरल्यावर एक वयस्कर गृहस्थ पेन्सिल घेऊन वाकले आणि सारखा दाब असलेली ठिकाणं जोडत रेघा ओढू लागले. मध्येच खोडत, परत ओढत. आकड्यांच्या त्या गर्दीतून बघता बघता बंगालच्या उपसागरावर एक गोल उमटला, गोलाबाहेर दुसरा, मग तिसरा. कमी दाबाचं क्षेत्र. ते तिथं आधीपासून होतंच, पण कुठल्याही एका गावाला ते दिसलेलं नव्हतं. पुरीला फक्त पुरीचा वारा माहीत होता, विशाखापट्टणमला फक्त तिथला दाब. सगळ्यांनी आपापलं खरं सांगितलं तेव्हा वादळाला आकार आला.

नकाशाचं हे बळ मला अजून थक्क करतं. एकाच सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला आमचा माण, जिथं सरासरी पाचशेच्या आतबाहेर घुटमळते. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींत शंभर किलोमीटरही अंतर नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि पलीकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. आपण पर्जन्यछायेत राहतो. वर्गात मी फळ्यावर समपर्जन्य रेषा काढायचे तेव्हा घाटमाथ्यावर त्या केसांच्या वेणीसारख्या दाटायच्या आणि पूर्वेला विरळ व्हायच्या. मुलांना सांगायचे, “यातली प्रत्येक रेघ कुणीतरी रोज बाटली उचलून बघितली म्हणून इथं आहे.”

पाऊस मोजणं आपल्याकडे फार जुनं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यानं हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं असं सांगितलं आहे. म्हणजे पावसाचं मोजमाप तेव्हाही महसुलाच्या दारात होतं, आमच्या कचेरीसारखंच. अर्थशास्त्रात देशोदेशीच्या पावसाचे आकडे द्रोण या मापात दिले आहेत. अवंतीला तेवीस द्रोण. अपरांताशी, म्हणजे आपल्या कोकणाशी, आलं की कौटिल्य आकडा देत नाही. तिथला पाऊस अमित, मापापलीकडचा, असं म्हणून पुढे जातो. मोजण्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या ग्रंथानं कोकणच्या पावसापुढे माप खाली ठेवावं, हे वाचताना अंगावर शहारा येतो.

तो शहारा मला परत आला २००५च्या जुलैत. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. अण्णांच्या गावी दोन वर्षांत पडला असता तेवढा एका दिवसात. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेतला आकडा होता ७३ मिलिमीटर. दोन्हींत पंचवीस किलोमीटरही अंतर नाही. दोन्ही आकडे खरे. दक्षिण मुंबईतला माणूस खिडकीतून बघून ‘एवढं काही नाही’ म्हणाला असेल तर तोही खरंच बोलत होता, आणि त्याच वेळी उपनगरांत माणसं छातीभर पाण्यातून वाट काढत होती. फक्त कुलाब्याचंच यंत्र असतं तर त्या दिवसाचा इतिहास काय झाला असता? मापक कमी असले की नकाशावर सगळं कसं सारखं, शांत दिसतं. ती शांतता खरी नसते.

या उपकरणांची स्वतःची अशी एक शिस्त आहे आणि तिच्यामागे माणसं आहेत. अण्णांचा तो पाच इंची मापक ‘सायमन्स’ जातीचा. जॉर्ज सायमन्स या इंग्रज गृहस्थानं एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या हौशी माणसांना पाऊस मोजायला लावलं. त्याच्या हयातीच्या अखेरीस अशी तीन हजारांवर माणसं त्याला आकडे पाठवत होती. वेधशाळेच्या अंगणातली पांढरी, झडपांची लाकडी पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. तापमापक उन्हात ठेवला तर तो उन्हात तापलेल्या काचेचं तापमान सांगेल. हवेचं हवं असेल तर त्याला सावली हवी आणि वाराही हवा. म्हणून पेटीला झडपा, म्हणून पांढरा रंग, म्हणून आपल्या गोलार्धात तिचं दार उत्तरेला, की उघडल्यावर ऊन आत यायला नको. आत एका तापमापकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळलेली असते. हवा कोरडी असेल तर चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि पारा खाली उतरतो. कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकावरून हवेतली आर्द्रता कळते. चिंधी मळली किंवा सुकली की आकडा खोटा. आभाळाचं सत्य असं एका स्वच्छ चिंधीवर अवलंबून असतं.

आणि अन्ना मणी. केरळात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाई १९४८ साली पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. साधी साधी उपकरणंही तेव्हा परदेशातून येत. बाईंनी जवळजवळ शंभर उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित करून घेतली आणि ती इथं बनवण्याची घडी बसवली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचं नाव मी पुष्कळ उशिरा ऐकलं, पण आग्रह ओळखीचा वाटला. तुळशीपाशी बसून कुणीतरी मला तोच सांगितला होता.

निरंक आणि कोरा यांतला फरक मला नीट समजला तो गिल्बर्ट वॉकर यांच्या कामामुळे. १८९९ साली मोसमी पाऊस पडला नाही, भयंकर दुष्काळ पडला; आणि खात्यानं पाऊस चांगला होईल असं सांगितलं होतं. पुढे १९०४ साली वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती, हवामानाचं शिक्षण घेतलेले नव्हेत. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे वर्षानुवर्षांचे आकडे मागवले आणि इथल्या कारकुनांकडून त्यांचे परस्परसंबंध ताडून पाहिले. तेव्हा संगणक नव्हते. माणसं बसून कागदावर आकडे मांडत होती, गुणत होती, भागत होती. त्या ढिगातून एक झोपाळा सापडला: प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. १९२४ साली वॉकर यांनी त्याला दक्षिणी दोलन म्हटलं. हा झोपाळा सापडला कारण कुठल्या तरी बेटावर, कुठल्या तरी बंदरात, काही घडत नसलेल्या दिवशीही कुणीतरी पाऱ्याचा आकडा लिहून ठेवला होता. शून्य गणितात चालतं; त्याची बेरीज होते, सरासरी निघते. कोऱ्या जागेचं काहीच करता येत नाही. कोरी जागा एवढंच सांगते की त्या सकाळी तिथं कुणी नव्हतं.

१९६९ साली याकोब बियर्कनेस यांनी हे दोलन आणि पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापण्याचा एल निनो हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत असं दाखवलं. नंतर तीनच वर्षांनी मोठा एल निनो आला. १९७२. पेरूच्या कोळ्यांची जाळी त्या वर्षी रिकामी आली, तिथला अँकोव्ही मासळीचा धंदा कोसळला. हे मी वर्गात शिकवायला म्हणून वाचत होते आणि वाचता वाचता पुस्तक मिटून बसून राहिले. तिकडचं रिकामं जाळं आणि आमची रिकामी बाटली एकाच समुद्राला बांधलेली होती. ज्या दिवशी मी नरसाळ्यात पाणी ओतलं, त्या दिवशी अण्णांच्या वहीतलं ते शून्य साऱ्या पृथ्वीच्या नकाशावरचा एक खरा ठिपका होतं. मी तो पुसायला निघाले होते.

अण्णांच्या यंत्राला शेतकऱ्यांचं एक जुनं जोडयंत्र होतं. माझे मामा पाऊस उघडला की शेतात जात, खुरप्यानं माती उकरत आणि हात घालून बघत. “चार बोटं ओल गेली.” “वीतभर गेली, आता वापसा आला की पेरायचं.” आकाशातून किती आला हे अण्णा सांगत; जमिनीनं किती घेतला हे मामा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं आता कृषी विभाग सांगतो. मामांची वीतभर ओल साधारण तेच सांगत होती. घाईनं पेरलं आणि पावसानं ताण दिला की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा आणि सावकाराची पायरीही दुसऱ्यांदा.

मामांच्या उतारवयात एका परतीच्या पावसानं त्यांचं उभं पीक झोपवलं. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की भरपाईसाठी त्या महसुली मंडळात अतिवृष्टी धरतात. मंडळाच्या मापकात एकसष्ट भरला होता. मापक टेकडीच्या अलीकडे, मामांचं रान पलीकडे. त्यांच्या बांधावरून पाणी गुडघाभर वाहिलं होतं, पण बांधावर मापक नव्हता. मामांनी मला विचारलं, “तुझ्या बापानं जन्मभर मोजला ना गं पाऊस? मग माझा कुणी का नाही मोजला?” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मापकात भरलेला आकडा खरा होता, त्यात एक मिलिमीटरही वाढवून चालला नसता. आणि मामांचं दुःखही तितकंच खरं होतं. आता महसुली मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आली आहेत, दर काही मिनिटांनी आकडे पाठवतात. तरी टेकडीच्या दोन अंगांना दोन पाऊस पडतात. मापक अजून पुष्कळ हवेत, आणि ते जिवंत, निगराणीतले हवेत. ज्याच्या नरसाळ्यात पाला अडकला आहे असा मापक पडत्या पावसातही शून्यच दाखवत राहतो आणि बघायला गेल्याशिवाय ते कुणाला कळत नाही.

हवामानाचा अंदाज आता आपल्या खिशात आला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत महासंगणक आहेत. २०१८ साली ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्क’. २०२५च्या मे महिन्यात तिथंच घडलेली अंदाजप्रणाली देशाला मिळाली, ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून अंदाज देते. आधी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. मला त्या कामाचा मनापासून अभिमान आहे. अंदाज चुकला की लोक चिडतात, आणि ज्याचं बी वाया गेलं त्याला चिडण्याचा हक्कही आहे. पण एवढी मोठी यंत्रं कशावर उभी आहेत ते मला विसरता येत नाही. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर हवामानाचं एक गणित परत चालवताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी नुसता ०.५०६ भरला. काही काळ दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालली आणि मग इतकी फाकली की त्यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. आभाळ असं आहे. सुरुवातीच्या आकड्यातली बारीकशी चूक दिवसांमागून दिवस वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज आजच्या नोंदीइतकाच खरा असतो, आणि आजची नोंद ती घेणाऱ्याइतकी.

निवृत्तीनंतर अण्णांनी घराच्या परसात स्वतःचा मापक बसवला. आता फायबरचा, पण साडेआठ तेच. शंभर पानी वह्या, रेघा मारून केलेले रकाने. आकडे आता कुठे जायचे नव्हते. तरी एकही ओळ अंदाजानं लिहिलेली नाही. आजारी असत तेव्हा भावाच्या खांद्यावर हात ठेवून परसात जात.

ते गेले फेब्रुवारीत, रात्री. दिवस कडक कोरडे, आकाशात ढगाचा पुंजका नाही. बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. तेराव्याचं आटोपल्यावर संध्याकाळी मी वही उघडली. शेवटची ओळ त्यांच्या हातची, किंचित थरथरलेली: ०.०, निरंक. त्याखाली कोरं.

भाऊ म्हणाला, “ताई, पाऊस तर नव्हताच. भरून टाक की शून्यं.”

मी पेन उचललं आणि ठेवलं. पाऊस नव्हता हे मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. पण त्या तेरा सकाळी बाटली कुणी उचलली नव्हती. मी फक्त तारखा लिहिल्या आणि तेरा रकाने तसेच सोडले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठाला भावाची मुलगी परसाच्या दारात उभी होती, आजोबांचं घड्याळ हातात घेऊन. साडेआठ झाले तसं तिनं नरसाळं उचललं, बाटली काढली, उन्हात धरली, तळाशी निरखून पाहिलं.

“आत्या, कोरडी आहे. काय लिहू?”

“नीट बघितलंस?”

“हो. परत एकदा बघितलं.”

“मग लिही.”

चौथऱ्यावर वही ठेवून ती वाकली आणि तेरा कोऱ्या रकान्यांखाली, गोल, ठसठशीत अक्षरात तिनं लिहिलं: निरंक.